होली नेम कॅथेड्रल, कुलाबा

दक्षिण मुंबईत नाथालाल पारेख मार्गावरील रोमन कॅथलिक चर्च. मुंबईच्या आर्चबिशपांचे (कॅथलिक धर्मप्रांताच्या प्रमुख धर्मगुरूंचे) अधिकृत पीठ येथे आहे. रस्त्याच्या जुन्या नावावरून त्याला अजूनही ‘वुडहाऊस चर्च’ म्हटले जाते. कुलाब्यातलेच अफगाण चर्च आणि फोर्टातील सेंट थॉमस कॅथेड्रल ही दोन्ही अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) परंपरेतली, पण तिघांची गल्लत नेहमी होते.

वांद्रे-माहीमच्या जुन्या चर्चांचे मूळ पोर्तुगीज अमलात आहे. हे मात्र ब्रिटिश अमदानीतले, १९०५ साली पूर्ण झालेले. वास्तुविशारद होते डब्ल्यू. ए. चेंबर्स. ताजमहाल हॉटेलचे मूळ वास्तुविशारद रावसाहेब वैद्य यांच्या निधनानंतर त्या हॉटेलचे बांधकाम तडीस नेले ते चेंबर्स यांनीच. जुळे मनोरे आणि टोकदार गॉथिक कमानी यांचे त्या वेळच्या मुंबईत फारसे अप्रूप नव्हते. या वास्तूचे खरे वैभव आतल्या चित्रांत आहे.

ती ब्रदर अंतोनियो मोस्केनी (१८५४–१९०५) या इटालियन जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघातल्या) चित्रकाराची. बेर्गामोजवळच्या स्तेत्सानो गावात जन्मलेल्या मोस्केनींचे भारतात नाव झाले ते मंगळूरच्या सेंट अलॉयसियस चॅपलमुळे. त्यांचे माध्यम फ्रेस्को. या पद्धतीत चुन्याचा गिलावा ओला असतानाच त्यावर पाण्यात कालवलेले रंग देतात. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो आणि रंग त्यातच पक्का बसतो. त्यामुळे एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा करायचा, आणि हात चुकला तर तेवढा भाग खरवडून पुन्हा लिंपायचा. अजिंठ्यालाही सर्रास ‘फ्रेस्को’ म्हणतात, पण तिथली चित्रे कोरड्या गिलाव्यावरची आहेत. मोस्केनींची शैली पूर्णपणे युरोपीय अकादमीतली. साडी नेसलेली मरिया (येशूची आई) भारतीय ख्रिस्ती चित्रकलेत रुजवली ती पुढे पुण्यात काम केलेल्या आंजेलो द फोन्सेका यांनी. मोस्केनी १९०५ च्या नोव्हेंबरात कोचीन येथे वारले.

आर्चबिशपांचे पीठ आधी भुलेश्वरच्या चर्चमध्ये होते. ते नंतर कुलाब्याला आले. मुंबईतील कॅथलिकांवर पोर्तुगालच्या राजाचा अधिकार चालावा की थेट रोमचा, या जुन्या वादातून शहरात दुहेरी धर्मसत्ता होती. ती १९२८ मध्ये संपली. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल (पोपच्या खालोखालचे वरिष्ठ धर्मगुरू). त्यांच्याच कारकिर्दीत, १९६४ च्या डिसेंबरात, आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी (ख्रिस्तप्रसादाच्या भक्तीसाठी भरणाऱ्या कॅथलिकांच्या मेळाव्यासाठी) सहावे पोप पॉल मुंबईत आले. भारतभेटीला आलेले ते पहिले पोप.