प्लास्टिक रवा धरतं तेव्हा

सांगलीच्या मार्केट यार्डात गूळ घेणारा माणूस ढेपेचा खडा मोडून आधी रवा बघतो. घरी कढवलेलं तूप ओट्यावर सावकाश निवलं तर रवाळ होतं, घाईनं फ्रिजात ढकललं तर लोण्यासारखं गुळगुळीत. प्लास्टिकचंही असंच आहे, हे मला लग्नातल्या सरबताच्या ग्लासानं दाखवलं.

ग्लास पारदर्शक, वर 'कंपोस्टेबल' छापलेलं. म्हणजे बहुधा पीएलए, पॉलिलॅक्टिक आम्ल. घरी त्यात उकळतं पाणी ओतलं, तर त्यानं मान टाकली. तसाच पातेल्यात उकळत ठेवला, तेव्हा आकसून वाकडा झाला, पण दुधासारखा पांढरा आणि टणक. आता उकळत्या पाण्यालाही तो दाद देईना!

पीएलए हे पॉलिएस्टर. साखर आंबवून लॅक्टिक आम्ल करायचं आणि त्याच्या हजारो रेणूंची माळ ओवायची. साच्यात झटकन थंड झालेल्या माळा गुंत्यातच गोठतात. साधारण ६० अंशांपुढे त्या सैलावतात आणि रचून बसू लागतात, म्हणजेच रवा धरतात. प्रत्येक माळ मळसूत्रासारखी पिळलेली, दहा घटकांमागे तीन वेढे. मग ती निऱ्यांसारखी दुमडते आणि सुमारे १० नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे बनतात. हे पापुद्रे मध्यापासून चहूकडे वाढून गोळे होतात. त्यांवर प्रकाश विखुरतो, म्हणून ग्लास पांढरा. मात्र साखरेचा रेणू लहान, तो पूर्ण रवा धरतो. लांबलचक माळेचा थोडा गुंता राहतोच.

आणि कुजण्याची सुरुवात त्या गुंत्यातूनच होते. पाणी तिथे शिरून माळेतले घटक जोडणारे एस्टर बंध तोडतं. रव्यात शिरायला त्याला फट मिळत नाही, म्हणून रवा शेवटी उरतो.

जिवाणूंनी यावर फार पूर्वीच तोड काढली आहे. १९२६ मध्ये मॉरिस लम्वान्य यांना जिवाणूंत पीएचबी हे पॉलिएस्टर सापडलं. आपण अंगावर चरबी साठवतो तसा तो त्यांचा साठा. पेशीत ते रवा धरत नाही, लागेल तेव्हा पटकन वापरता येतं. बाहेर काढून वस्तू बनवली की निम्म्याहून अधिक रवाळ होतं आणि नुसतं ठेवल्या ठेवल्या ठिसूळ होत जातं.

लग्नातलाच एक कोरा, न उकळलेला पीएलएचा ग्लास आणि तो पांढरा, दोन्ही मी परसातल्या उकिरड्यात पुरले. कारखान्यातल्या कंपोस्टला ५८ अंशांच्या आसपास ऊब असते. आमच्या उकिरड्याला ती कुठली! पावसाळ्यानंतर उकरले, तर दोन्ही धुऊन पुन्हा मांडणीत ठेवावेत असे निघाले.