पॉप म्हणजे नेमकं काय?

नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मे 2017 मध्ये जस्टिन बीबर गायला, डिसेंबर 2019 मध्ये यू-टू आलं आणि जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले. तिन्ही वेळा मैदान भरलं. पण बीबरला सगळे बिनदिक्कत पॉप म्हणतात, यू-टूला रॉक म्हणतात आणि कोल्डप्लेवर वाद घालतात. पॉप हा शब्द ‘पॉप्युलर’वरून आला असला, तरी गर्दी मोजून त्याचा अर्थ लागत नाही.

घणसोली किंवा कोपरखैरण्याच्या आगरी घरातलं लग्न पाहिलं की हा फरक जास्त स्पष्ट होतो. विधींच्या वेळी धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, गाते. तिच्या गाण्यात नवरीचं नाव येतं, गावाचं नाव येतं, विधी लांबला तर कडवी वाढतात. मूळ प्रत कोणती, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. हळदीच्या रात्री डीजे जे आगरी-कोळी गाणं लावतो, ते मात्र दर वेळी तंतोतंत तेच असतं. कोरसची तीच हाक, ढोलकीचा तोच तुकडा आणि त्याच क्षणी ठेका थांबून पुन्हा सुरू होणं. बेंजो पार्टीने ते वाजवलं, तर लोक मनातल्या मनात त्या ध्वनिमुद्रणाशी तुलना करतात. धवला ही गाण्याची परंपरा आहे. डीजेचं गाणं पॉपच्या पद्धतीने घडलेलं आहे, मग त्याची चाल कितीही जुनी असो. पॉपमध्ये ध्वनिमुद्रण हीच मूळ कृती असते आणि मैफल तिची नक्कल. ख्यालात नेमकं उलट असतं. सूर, लांबी, आवाजाचा पोत यांतलं बरंच काही मग त्या काळच्या यंत्रावरून ठरतं.

लांबीचंच पाहा. जुनी दहा इंची तबकडी मिनिटाला 78 फेरे घ्यायची. तीन मिनिटांत 234 फेरे होतात, आणि इंचाला शंभरेक खाचा धरल्या तर तबकडीचे जवळजवळ अडीच इंच त्यातच संपतात. त्याहून आत गेलं की खाचेचा वर्तुळाकार मार्ग लहान होतो, सुई एका सेकंदात कमी अंतर कापते आणि वरचे स्वर फाटायला लागतात. म्हणून गाणं तीन मिनिटांचं. गायिका गौहर जान यांनी 1902 मध्ये कलकत्त्याला ध्वनिमुद्रण केलं, तेव्हा त्यांनाही हीच मर्यादा पाळावी लागली. पण त्यांच्यासाठी ती काटछाट होती. मैफलीतला राग तबकडीबाहेर तसाच लांब राहिला. पॉपने ती मर्यादा स्वतःचा आकार म्हणून स्वीकारली. 1949 मध्ये सात इंची, 45 फेऱ्यांची तबकडी आली आणि एका बाजूला एक गाणं हेच विक्रीचं माप झालं. ब्रिटनमध्ये 1950च्या दशकाच्या मध्यापासून तरुणांच्या या संगीताला ‘पॉप’ म्हणू लागले. साठचं दशक संपेपर्यंत अल्बम आणि बँड यांवर भर देणारे ‘रॉक’ म्हणून वेगळे निघाले. स्टेडियमबाहेरचा वाद त्या फुटीचाच आहे.

आवाजाचा पोत मायक्रोफोनने बदलला. 1925 पूर्वी गायकाला कर्ण्यात मोठ्याने गावं लागे, कारण हवेच्या दाबानेच सुई हलायची. विजेवरचं ध्वनिमुद्रण आल्यावर कुजबुजही टिपता आली. आपल्या भावगीताचा हळुवार स्वरसुद्धा याच बदलामुळे घराघरांत पोचला. एकाच दिशेने ऐकणाऱ्या मायक्रोफोनच्या पाच-सात सेंटिमीटर जवळ गेलं की खालचे स्वर फुगतात आणि आवाज कानाशी बोलल्यासारखा भारदस्त होतो. पण तेवढ्या जवळून प, फ, ब, भ उच्चारले की हवेचा झोत पडद्यावर आदळून ‘धप्प’ होतं, आणि मराठीत फ-भ काही कमी नाहीत. मध्ये जाळी लावा, सुमारे 15 सेंटिमीटर अंतर ठेवा आणि मायक्रोफोन तोंडाच्या किंचित बाजूला धरा. (त्या जाळीला पॉप फिल्टर म्हणतात, त्यातला ‘पॉप’ म्हणजे हाच धप्प आवाज, संगीताशी त्याचा संबंध नाही.)

आता सुरावटीकडे. असंख्य पॉप गाण्यांखाली चार स्वरगुच्छ, म्हणजे एकदम वाजणारे तीन-तीन स्वर, फिरत असतात. घरच्या पेटीवर वाजवून पाहा, सगळे स्वर शुद्ध: सा-ग-प, मग प-नी-रे, मग ध-सा-ग, मग म-ध-सा, आणि पुन्हा पहिला. प्रत्येक गुच्छ चार मात्रा धरा. दुसऱ्या गुच्छातला शुद्ध नी ‘सा’च्या अगदी लगत आहे, त्यामुळे कान ‘सा’कडे परतण्याची वाट पाहतो. पण आपण जातो ध-सा-ग वर. त्यात सा आहे आणि गही आहे, म्हणून ते परकं वाटत नाही; तरी घर काही आलेलं नसतं. हा छोटासा चकवा दर सोळा मात्रांनी येतो.

2019 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासात बिलबोर्ड या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतल्या 745 गाण्यांमधले सुमारे 80,000 स्वरगुच्छ संगणकाने तपासले. चाल आणि शब्द काढून टाकून त्यांतले काही लोकांना ऐकवले. पुढे काय येणार याची श्रोत्यांना खात्री होती आणि वेगळंच आलं, तेव्हा आनंद जास्त झाला. पुढचं काहीच सांगता येत नव्हतं आणि नेहमीचाच गुच्छ आला, तेव्हाही तसाच. खात्री निर्माण करायची तर आधी तेच ते वाजवावं लागतं. मुखडा चार-पाच वेळा परत येतो, तो याचसाठी. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्क यांनी 1968 मध्येच दाखवलं होतं की नुसतं वारंवार समोर आल्यानेही एखादी गोष्ट आवडू लागते.

हा मुखडा आता लवकर येऊ लागला आहे. स्पॉटिफायवर गाणं 30 सेकंद चाललं तरच ते ‘ऐकलं’ असं मोजलं जातं. मिनिटाला 100 मात्रांच्या लयीत चार मात्रांचं एक आवर्तन 2.4 सेकंदांचं होतं. सुरुवातीची चार आवर्तनांची सुरावट आणि आठ आवर्तनांचं कडवं मिळून 28.8 सेकंद, म्हणजे मुखडा अगदी काठावर येतो. त्यामुळे सुरुवातीची सुरावट आधी कापली जाते, किंवा मुखड्यानेच गाणं सुरू होतं. मराठी श्रोत्याला यात नवल वाटू नये; आपल्याकडे ध्रुवपद आधी आणि अंतरा नंतर ही रीत जुनीच आहे.

ठाणे-वाशी लोकलमध्ये फोनच्या स्पीकरवर लागलेलं गाणं ऐकलं, तर मिक्सिंगचं शास्त्र कळतं. एवढ्याशा स्पीकरला 300 हर्ट्झच्या खालचं फारसं वाजवता येत नाही, आणि बेस गिटारची सर्वांत जाड तार तर 41 हर्ट्झची. तरी बेस ऐकू येतो, कारण 82, 123, 164 अशा तिच्या पटीतल्या स्वरांची मालिका पुढे चालू असते. त्यातले वरचे स्वर फोनमधून येतात आणि मेंदू त्यांच्यातल्या अंतरावरून खालचा स्वर जुळवतो. घरी गाणी करणारी बरीच मुलं इथे चुकतात. हेडफोनवर शुद्ध, गोल बेस छान घुमतो, पण त्याला वरचे स्वरच नसतात, म्हणून फोनवर तो गायब होतो. बेसवर हलकं सॅच्युरेशन (वरचे स्वर मिसळणारी किंचित विकृती) द्यावं आणि मिक्स फोनवर ऐकून पाहावा.

दुसरी चूक गाणं चढवून चढवून सपाट करण्याची. स्पॉटिफाय एरवी सगळी गाणी उणे 14 एलयूएफएस (गाण्याचा सरासरी जोर मोजण्याचं एकक) या पातळीवर आणतं. तुम्ही उणे 8 वर दिलंत, तर ते सहा डेसिबल खाली उतरवलं जाईल. चढवताना दबलेली ढोलकीची थाप मात्र परत उठणार नाही.

सर्वांत जास्त जपून वापरावं ते ऑटोट्यून, म्हणजे चुकलेला सूर दुरुस्त करणारं साधन. अँडी हिल्डेब्रँड हे तेलाच्या शोधासाठी भूकंपलहरींचं विश्लेषण करत. त्याच गणिताने त्यांनी 1997 मध्ये हे साधन आणलं. आवाजाची लहर तिच्याच थोड्या सरकवलेल्या प्रतीशी ताडून पाहायची, आणि जिथे दोन्ही जुळतात त्या अंतरावरून स्वर ओळखायचा. 440 ऐवजी 430 हर्ट्झ लागला, तर गायक सुमारे 40 सेंट उतरलेला असतो. लगतच्या दोन स्वरांतलं अंतर 100 सेंट असतं. दुरुस्तीचा वेग शून्य मिलिसेकंद ठेवला की स्वर एकदम उडी मारतो आणि यांत्रिक आवाज येतो. तोच हवा असेल तर प्रश्न नाही. पण मराठी गाण्यात ‘ग’पासून ‘ध’पर्यंत मींड असते, आणि यंत्राला ती घसरण म्हणजे चुकांची रांग वाटते. ते तिच्या पायऱ्या करतं. वेग 40-50 मिलिसेकंदांवर ठेवा, गाण्याची पट्टी आणि त्यातले स्वर आधी भरा आणि मींड असलेल्या ओळी दुरुस्तीतून वगळा. त्या सुरात लागल्या नसतील, तर पुन्हा गाऊन घ्याव्यात.