फॉल की ड्रॉप? पडणं, पाडणं आणि हातून सुटणं

मालवणातल्या कुठल्याही घरात काचेचा ग्लास फुटला की दोन वाक्यं ठरलेली. पोर ओरडतं, “ग्लास पडलो!” आणि आतून विचारणा होते, “पडलो काय पाडलंस?” इंग्रजीतल्या ‘फॉल’ आणि ‘ड्रॉप’ यांच्यातला निम्मा फरक या प्रश्नातच आहे. शाळेच्या वहीत मात्र दोन्ही शब्दांपुढे ‘पडणे’ एवढंच लिहून घेतात, आणि मग ‘आय फेल द ग्लास’ अशी वाक्यं जन्माला येतात.

फॉलला कर्म चालत नाही. ग्लास पडला, ‘द ग्लास फेल’, संपलं. ‘आय फेल’ म्हटलंत तर तुम्हीच पडलात, त्यापुढे ग्लास जोडायला जागाच उरत नाही. पाडणाऱ्याला वाक्यात आणायचं असेल तर ड्रॉपकडे जावं लागतं: ‘आय ड्रॉप्ट द ग्लास’. आता गंमत अशी की मुद्दाम टाकला की चुकून निसटला, हे ड्रॉप सांगत नाही. पेटीत पत्र टाकलं तरी ड्रॉप आणि मासळी बाजारात पाकीट पडलं तरी ड्रॉप. पुढचंमागचं ऐकून हेतू आपण ओळखायचा.

मला यात मराठी जास्त न्यायी वाटते. ‘ग्लास पडला’ आणि ‘ग्लास पाडला’ यांच्या मधोमध आपल्याकडे ‘माझ्या हातून ग्लास पडला’ हे तिसरं वाक्य आहे. हात माझाच होता हे कबूल, पण मनात तसं नव्हतं, हेही त्यात आलं. इंग्रजीत एवढं सांगायला ‘बाय ॲक्सिडेंट’ वगैरे शेपूट जोडावं लागतं. म्हणून ‘हातून पडला’चं भाषांतर करताना आपण बिचकतो आणि ‘इट फेल’ लिहून मोकळे होतो. व्याकरणाला ते चालतं. पण इंग्रज माणसाला त्यात मालवणातल्या त्या पोराची पळवाट ऐकू येते. त्याच्या भाषेत सरळ वाक्य ‘आय ड्रॉप्ट इट’ हेच, आणि ते म्हणण्यात गुन्ह्याची कबुली वगैरे काही नसते.

माणूस झाडावरून खाली आला, तर? ‘ही फेल फ्रॉम द ट्री’ म्हटलं की दवाखाना आलाच. ‘ही ड्रॉप्ट फ्रॉम द ब्रांच’ म्हटलं तर बहुधा तो फांदीला लोंबकळला, हात सोडले आणि पायांवर उतरला. नारळ काढायला माडावर चढलेल्या माणसाबद्दल लिहिताना हे दोन शब्द उलटसुलट झाले तर घरचे धावत येतील.

मग ‘पाडणे’साठी इंग्रजीत फॉलच्या कुळातला शब्दच नाही का? आहे, पण तो कोपऱ्यात राहतो. फेल. पडणे–पाडणे, गळणे–गाळणे, मरणे–मारणे या जोड्यांत आपण जसा आतला स्वर ताणतो, तसा इंग्रजीने कधीकाळी स्वर बदलून जोड्या केल्या: सिट–सेट, लाय–ले आणि फॉल–फेल. घोळ इथे होतो की फॉलचा भूतकाळही फेलच. पडण्याचं फॉल, फेल, फॉलन. पाडण्याचं फेल, फेल्ड, फेल्ड. त्यात देवनागरीत परीक्षेतला नापासही ‘फेल’च लिहिला जातो, म्हणजे विचारायलाच नको. या दुसऱ्या फेलचा संसारही छोटा आहे. झाड तोडून आडवं करणं, नाहीतर माणसाला ठोशाने लोळवणं. वादळाला मात्र तो शोभतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. इंग्रजीत ती झाडं ‘फेल’ असंही लिहिता येतं आणि वादळाने ती ‘फेल्ड’ असंही. पहिल्यात झाडं पडली, दुसऱ्यात वादळाने पाडली.

बाकीची पाडापाडी इंग्रजी भलत्याच शब्दांत वाटून टाकते. दगड मारून कैऱ्या पाडल्या तर नॉक डाउन, जुनं घर पाडलं तर पुल डाउन, ठोसा मारून दात पाडला तर नॉक आउट. यांपैकी कुठेही ड्रॉप घालू नये. ड्रॉपमध्ये धक्का नसतो, नुसतं सोडणं असतं.

त्या वादळाच्या दिवशी टीव्हीवर ‘लँडफॉल’ शब्द सतत कानावर पडत होता. हा मूळचा दर्यावर्दींचा शब्द. लांबच्या सफरीनंतर जहाजाला पहिल्यांदा जमीन दिसली किंवा लागली की तो लँडफॉल. खाली येण्याचा त्यात काही संबंध नाही. वादळालाही तोच लावतात, कारण तेही समुद्रावरून येऊन जमिनीला लागतं. लँडड्रॉप असा शब्द नाही. जहाज किनाऱ्याशी आल्यावर मात्र ड्रॉपची पाळी येते: नांगर टाकला, ‘ड्रॉप्ट अँकर’. ते माणसांनी केलेलं काम आहे.

आंब्यात हा फरक सगळ्यात मजेशीर दिसतो. बागायतदार ज्याला फळगळ म्हणतो त्याला कृषी विद्यापीठाच्या इंग्रजी पुस्तिकेत ‘फ्रूट ड्रॉप’ म्हणतात. फॉल का नाही? सवय आहे हे एक कारण. पण अर्थही बसतो. पोसवत नसलेलं फळ झाड स्वतः देठापासून सोडून देतं. पानांचंही तसंच. पान ‘फॉल्स’, झाड पान ‘ड्रॉप्स’. घटना एकच, कर्ता बदलला. आपलं गळणं–गाळणं तंतोतंत हेच. वाऱ्याने पडलेलं फळ मात्र ‘विंडफॉल’. पहाटे दुसऱ्याच्या कलमाखाली सापडलेला आंबा ज्याने उचललाय त्याला, या शब्दाचा अर्थ पुढे ‘अचानक लागलेलं घबाड’ कसा झाला, हे समजावून सांगावं लागणार नाही. सरकारलाही तो समजतो. १ जुलै २०२२ पासून देशात काढलेल्या खनिज तेलावर ‘विंडफॉल’ कर लागला, तो डिसेंबर २०२४ मध्ये काढला. तेलाचे भाव भडकले, कंपन्यांना हात न हलवता नफा झाला, म्हणून ते नाव.

भाव, तापमान, पाणी यांच्या बाबतीत दोन्ही शब्द चालतात असं पुस्तकं सांगतात, आणि ते खरं आहे. तरी कानाला फरक कळतो. फॉल सावकाशही असू शकतो, ड्रॉपमध्ये सहसा दणका असतो. हापूसच्या पेटीचा भाव एप्रिल–मे मध्ये हळूहळू उतरत गेला तर फॉल, एका दिवसात कोसळला तर ड्रॉप. ओहोटीचं पाणी साधारण सहा तास उतरत राहतं, म्हणून ‘फॉलिंग टाइड’. तिथे ड्रॉप विचित्र वाटेल. याच समुद्रावर एक जागा मात्र फसवी आहे. वारा पडला, म्हणजे थांबला, याला इंग्रजीत ‘द विंड ड्रॉप्ट’. आपल्या ‘पडला’वर विसंबून फॉल लिहाल तर वाचणारा क्षणभर अडखळेल.

पावसाला मात्र दोन्ही शब्द नामात हवेत, क्रियापदात एकच. थेंब तो रेनड्रॉप, पर्जन्यमापकात मोजला तो रेनफॉल. पाऊस स्वतः नेहमी ‘फॉल्स’.

उंचीचंही थोडं सांगायला हवं. आंबोलीजवळ कावळेसादच्या कड्यावर उभं राहिलात तर समोर जो सरळ तुटलेला कडा आहे, तो ‘ड्रॉप’: काहीही न पडताही तिथे ड्रॉप असतोच. पाणी वाहतं तो ‘फॉल’, आणि धबधब्याच्या नावात बहुतेकदा अनेकवचनी ‘फॉल्स’. कावळेसादला भर पावसात वारा इतका चढतो की दरीत जाणारं पाणी उलटं वर फेकलं जातं. नाव तरीही फॉलच.

अवस्थेत जाणं असेल तर बिनदिक्कत फॉल घ्यावा, आणि इथे मराठीचा हात धरून चालता येतं. आजारी पडणे, कमी पडणे, मागे पडणे, बळी पडणे: चारही ठिकाणी फॉल बसतो. फक्त दोन खड्डे लक्षात ठेवावेत. इंग्रज झोपेत ‘पडतो’, आपल्याला झोप लागते. आणि आपल्याला प्रश्न पडतो, तर त्यांचा प्रश्न ‘अराइज’ होतो, म्हणजे खालून वर येतो!

क्रिकेटमध्ये चूक करायला वावच नाही. विकेट पडते ती फॉल, कॅच सुटतो तो ड्रॉप, आणि कॅच सोडणाऱ्याला पुढच्या सामन्यात संघातून काढलं तर तोही ड्रॉप.

राहिले आपण घरी आणून बसवलेले शब्द. ‘फॉल-पिको करून मिळेल’ ही पाटी कणकवलीच्या बाजारात सगळ्यांना कळते, लंडनच्या शिंप्याला कळायची नाही. ‘स्टँडपर्यंत ड्रॉप देतो’ हेही खास आपलं; तिकडे ‘लिफ्ट’ देतात किंवा नुसतं ‘ड्रॉप’ करतात. ‘बारावीनंतर वर्षभर ड्रॉप घेतला’ हे वाक्य मात्र इंग्रजापुढे जपून बोलावं. त्याच्या बोलीत ‘ड्रॉप’ घेणं म्हणजे घोटभर दारू घेणं.