मीटरवर २५ व्होल्ट, तरी धुराची झडप बंदच

आगीच्या बातमीत ‘गुदमरून मृत्यू’ हे शब्द वारंवार येतात. इमारतीच्या आगीत ज्वाळांपेक्षा धूरच जास्त बळी घेतो. म्हणून उंच इमारतींत जिन्याच्या माथ्यावर आपोआप उघडणाऱ्या झडपा, म्हणजे स्मोक व्हेंट, बसवतात. गरम धूर हलका असतो. त्याला वर वाट मिळाली आणि खालून ताजी हवा आली, की माणसांना जिना उतरता येतो.

झडप उघडते ती बहुधा २४ व्होल्टची मोटर. पण आगीत वायरी जळतात, कधी अग्निशमन दलच वीज तोडतं. ‘जनरेटर आहे की’ हे उत्तर पुरत नाही, कारण त्याची केबल त्याच आगीतून वर येत असू शकते. म्हणून नियंत्रण पेटीतच १२ व्होल्टच्या दोन शिसे-आम्ल बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या असतात. वीज गेल्यावर ७२ तास यंत्रणा जागी ठेवून त्यानंतरही झडप उघडायची, अशी अपेक्षा अनेक ठिकाणी असते.

पेटीवरचा हिरवा दिवा पाहून बॅटरी ठणठणीत आहे असं मानणं, हा सर्वांत धोकादायक गैरसमज. चार्जर चालू असताना मीटर बॅटरीच्या टोकांना लावला, तर सुमारे २७ व्होल्ट दिसतात. ते चार्जरचे. चार्जर काढून मोजलं आणि २५.६ व्होल्ट आले, तरी खात्री नाही. प्रत्येक बॅटरीला स्वतःचा अंतर्गत रोध असतो आणि ओहमच्या नियमानुसार प्रवाह गुणिले रोध एवढं विभवांतर बॅटरीच्या आतच खर्च होतं. समजा, नव्या जोडीचा रोध ०.०५ ओहम आहे. मोटरने ८ ॲम्पिअर ओढले, तर ०.४ व्होल्ट घटतात. काही बिघडत नाही. वयाने तोच रोध ०.८ ओहम झाला, तर ६.४ व्होल्ट आतच जिरतात आणि मोटरला उरतात १९.२. मोटर अडखळते, झडप अर्धवट उघडते किंवा हलतच नाही. यंत्रणा नुसती जागी असताना मात्र प्रवाह ०.०५ ॲम्पिअरच्या आसपास, म्हणजे घट फक्त ०.०४ व्होल्ट. मरायला टेकलेली बॅटरी वर्षभर निरोगी दिसते ती यामुळे.

रोध वाढतो कसा? अखंड चार्जिंगमुळे धन पट्टीतली शिशाची जाळी हळूहळू गंजते, त्यामुळे प्रवाहाची वाट अरुंद होते. चार्ज होताना तयार झालेला ऑक्सिजन ऋण पट्टीवर पुन्हा पाण्यात बदलतो, पण शंभर टक्के नाही. त्यामुळे पट्ट्यांमधली, काचतंतूंची आम्ल शोषलेली गादी वर्षांगणिक सुकते आणि पट्टीपासून सुटू लागते. उष्णतेत हे सगळं वेगाने होतं. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढलं, की आयुष्य साधारण निम्मं होतं. आणि ही पेटी बसवतात कुठे? पुष्कळदा छताखाली, जिन्यातल्या सर्वांत गरम जागी!

बॅटरीवरचं ‘मेंटेनन्स फ्री’ हे लेबल तर निव्वळ जाहिरातीचं यश आहे. त्याचा अर्थ एवढाच, की पाणी घालावं लागत नाही. तपासणी टळत नाही.

खरी चाचणी करताना मुख्य वीज बंद करायची, झडप बॅटरीवर पूर्ण उघडायची आणि मोटर चालू असतानाच विभवांतर मोजायचं. आकडा वहीत लिहून मागच्या वेळच्या आकड्याशी ताडायचा. तो दरवेळी घसरत असेल, तर हिरवा दिवा काहीही सांगो, दोन्ही बॅटऱ्या एकदम बदलायच्या. एकच बदलली, तर जुनीचा रोध जोडीत तसाच राहतो.