दोन्ही ‘साउंड’च, पण एक खाडी आणि एक फियॉर्ड

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला, आणि नवऱ्याचा एकच हेका: दोन ‘साउंड’ बघायला हजार किलोमीटर गाडी कशाला हाकायची? बेटाच्या वरच्या टोकाला मार्लबरो साउंड्स, खालच्या कोपऱ्यात मिलफर्ड साउंड. आडनाव एकच आणि फोटोही वरवर सारखे. हिरवे डोंगर, मधे निश्चल पाणी, त्यावर एखादी चुकार बोट. त्याच्या हिशेबानं एक पाहिलं की दुसरं पाहिल्यात जमा.

हा गोंधळ त्या आडनावानं केलेला आहे. इथे साउंडचा आवाजाशी काही संबंध नाही. समुद्राचा जमिनीत घुसलेला अरुंद फाटा एवढाच त्याचा अर्थ. पाणी आत कसं आलं, हे तो शब्द सांगत नाही. आणि सगळा फरक तिथेच आहे.

मार्लबरोच्या दऱ्या नद्यांनी कोरल्या. मग बेटाचा हा कोपरा हळूहळू खचत गेला, हिमयुग संपल्यावर समुद्राची पातळीही चढली, आणि खारं पाणी दरीदरीतून आत शिरलं. जुन्या डोंगरांचे माथे तेवढे वर राहिले, तीच आजची बेटं आणि भूशिरं. शाळेच्या भूगोलात ‘रिया किनारा’ म्हणून जे पाठ केलं होतं, ते हेच. परत आल्यावर सासूबाईंना फोटो दाखवले तर त्या चष्मा वर करून म्हणाल्या, “अगो, ही तर आपली दाभोळची खाडी!” माहेर गुहागरचं असल्याने त्यांना नदीच्या मुखात शिरलेला समुद्र बरोबर ओळखता आला. चिखल आणि कांदळवन वजा करा, बाकी घाट तोच.

वेलिंग्टनहून फेरीनं निघालं की साडेतीन तासांच्या प्रवासातला शेवटचा तासभर बोट या बुडालेल्या दऱ्यांतूनच वळणं घेत पिक्टनला लागते. तिथून हॅवलॉकपर्यंतचा क्वीन शार्लट ड्राइव्ह जेमतेम 35 किलोमीटरचा आहे. आम्हाला त्याला अर्धा दिवस लागला, कारण दर वळणाला एक नवी वाडी, एक नवं आखात आणि “थांब ना जरा” हे ठरलेलं. गाडी डावीकडूनच चालवायची असल्यामुळे नवरा खूश होता. हॅवलॉकला हिरव्या कडांच्या शिंपल्या खाल्ल्या. त्या याच खाड्यांतल्या दोरांवर वाढवतात. इथल्या बऱ्याच घरांना रस्ताच नाही, त्यामुळे हॅवलॉकहून टपालसुद्धा बोटीनं जातं. कॅप्टन कुकही या भागावर भाळला होता. 1770 ते 1777 या काळात तो शिप कोव्हला पाच वेळा येऊन नांगर टाकून राहिला. गोडं पाणी, लाकूड आणि वाऱ्यापासून आडोसा, खलाशाला आणखी काय हवं!

तोच कुक मिलफर्डच्या तोंडावरून दोनदा गेला आणि आत आलाच नाही. बाहेरून पाहिलं तर डोंगरांच्या घडीत वाट आहे हे कळतच नाही.

मिलफर्ड हिमनदीनं कोरलं आहे. नदी दरी चिरत खाली जाते, म्हणून तिचा आकार ‘व्ही’सारखा होतो. हिमनदी बर्फाच्या वजनानं तळ आणि भिंती दोन्ही खरवडत सरकते, म्हणून दरी ‘यू’सारखी होते: रुंद बूड, उभ्या भिंती. बर्फ वितळला, समुद्र आत आला, झाला फियॉर्ड. मायटर शिखर तर पाण्यातूनच जवळजवळ 1,700 मीटर सरळ वर उठतं. तळाचीही गंमत आहे. रियाची खोली सहसा समुद्राकडे जाताना वाढत जाते. फियॉर्ड आतच जास्त खोल असतो, मिलफर्डमध्ये तर जवळपास 300 मीटर, आणि तोंडाशी उथळ होतो, कारण हिमनदीचा जोर तिथे ओसरतो आणि वाहून आणलेला दगडगोटा ती तिथेच टाकते. कडा पाण्याखालीही तसाच उभा उतरत असल्यानं प्रवासी बोट 150 मीटरच्या स्टर्लिंग धबधब्याखाली नाक घालू शकते. मार्लबरोत किनाऱ्याला असं खेटायचं धाडस कुणी करणार नाही.

तिथे पोचायचा रस्ताही वेगळ्याच जातीचा. टे आनाऊ या गावापासून सुमारे 120 किलोमीटर, आणि वाटेत बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. शेवटी होमर बोगदा. हे काम 1935 मध्ये पाच माणसांनी कुदळ-फावड्यांनी सुरू केलं, आणि 1954 मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. लांबी 1.2 किलोमीटर, उतार एवढा की पहिल्यांदा पोटात गोळाच येतो. बोगद्याबाहेर सिग्नलला थांबलात तर किआ नावाचे पोपट गाडीच्या काचेचं रबर कुरतडायला येतात.

पाऊस आला की या दोघांचे स्वभाव अगदी उलटे दिसतात. मार्लबरोत पाऊस म्हणजे दिवस फुकट: डोंगर पुसले जातात, पाणी करडं होतं. मिलफर्डला वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो पडत असतानाच जावं असं माझं ठाम मत आहे. कोरड्या दिवशी मोठे बारमाही धबधबे दोनच, पावसात ते मोजायला बोटं पुरत नाहीत. ते सगळं गोडं पाणी समुद्राच्या पाण्यावर थर करून तरंगतं, पाचोळ्याच्या अर्कानं चहासारखं तपकिरी झालेलं. खाली उजेड पोचत नाही, त्यामुळे एरवी खोल समुद्रात राहणारं काळं प्रवाळ इथे दहाएक मीटरवरच सापडतं.

मग मिलफर्डला ‘साउंड’ म्हटलं कुणी? सीलची शिकार करणारा जॉन ग्रोनो इथे आला आणि त्यानं वेल्समधल्या मिलफर्ड हेवनचं नाव या जागेला दिलं. ‘हेवन’चं ‘साउंड’ पुढे झालं. मजा अशी की वेल्सचं ते मूळ मिलफर्ड फियॉर्ड नाहीच, ती बुडालेली नदीची दरी आहे, म्हणजे मार्लबरोची सख्खी बहीण. नंतर हिशेब थोडा दुरुस्त झाला. भोवतालच्या प्रदेशाला फियॉर्डलँड म्हणतात, पण पाट्यांवरचे साउंड तसेच राहिले.

दोघांनी जायचं असेल तर मार्लबरोला दोन रात्री द्या, गाडी स्वतःची ठेवा, बेत काही करू नका. मिलफर्डला गाडी फक्त धक्क्यापर्यंत नेते, पुढचं सगळं बोटीवर, म्हणून बोटीचं तिकीट आधी काढा आणि मुक्काम टे आनाऊला करा. क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण एका बाजूचेच 290 किलोमीटर होतात. स्टीअरिंगवर बसणाऱ्याला शेवटी फक्त डांबर आठवतं.

माओरी कथेत हे कडे तू-ते-राकी-व्हानोआ या देवानं आपल्या तासणीनं कोरले. ते इतके सुंदर झाले की माणसं इथून हलणारच नाहीत अशी धास्ती मृत्युदेवी हिने-नुई-ते-पो हिला वाटली, म्हणून तिनं चावऱ्या माश्या सोडल्या. धक्क्यावर उतरल्यावर आम्ही जेमतेम दहा मिनिटं टिकलो. ओडोमॉस टे आनाऊच्या खोलीवर, माझ्याच पर्समध्ये राहिलं होतं.