पालखी बंदोबस्त

पालखी बंदोबस्त : आषाढी एकादशीसाठी पंढरपूरकडे पायी निघणाऱ्या पालखी सोहळ्यांच्या वाटेवर वारकऱ्यांच्या जीविताचे, चीजवस्तूंचे व वाटचालीचे रक्षण व्हावे म्हणून ठेवण्यात येणारी पोलीस व्यवस्था. व्यवहारात ही संज्ञा प्रामुख्याने आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची व देहूहून निघणारी तुकाराम महाराजांची पालखी यांच्याबाबत वापरली जाते. हे दोन्ही सोहळे पुण्यात एकाच दिवशी येऊन दोन रात्री मुक्काम करीत असल्यामुळे बंदोबस्ताचा सर्वांत मोठा व गुंतागुंतीचा भाग पुणे शहरात आणि पुणे जिल्ह्यात पडतो. प्रस्तुत नोंदीत त्याच भागाचा मुख्यतः विचार केला आहे.

पायी वारीतील संरक्षणव्यवस्थेचा उगम निश्चित करणे अवघड आहे. तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत ठेवून देहू–आळंदी–पंढरपूर अशी वारी सुरू केली, असे परंपरेने मानले जाते. त्या काळात वाटेवरील सुरक्षिततेचा भार कोणावर होता, याचे उत्तर वारीच्या इतिहासापेक्षा गावगाड्याच्या इतिहासात अधिक सापडते. गावच्या शिवारात चोरी झाल्यास चोराचा माग काढून तो शिवेपलीकडे नेऊन देण्याची जबाबदारी गावच्या जागल्यांवर व रामोशी राखणदारांवर असे, आणि माग न लागल्यास भरपाईचा प्रश्न त्या गावापुढे उभा राही. वाटसरूला मिळणारे संरक्षण अशा रीतीने शिवेगणिक बदलत जाणारे होते. पुणे कसब्यात रात्रीची गस्त व चोऱ्यांचा तपास ही कामे पेशवाईत कोतवालाच्या चावडीकडे असत, पण ती व्यवस्था शहरापुरती होती.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा हैबतबाबा आरफळकर यांनी सुरू केला. त्याचा काळ १८३० च्या आगेमागे धरण्याकडे अभ्यासकांचा कल असून १८३२ हे साल अधिक वेळा दिले जाते, तर काही लेखक तो दशकभर मागे नेतात. हैबतबाबा सातारा जिल्ह्यातील आरफळचे व शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार होते. उत्तरेतून द्रव्य घेऊन गावी परतत असताना सातपुड्यात भिल्लांनी त्यांना पकडून कोंडले, तेथे त्यांनी हरिपाठाचा घोष चालविला, त्याच सुमारास नायकाला पुत्र झाल्याने तो प्रसन्न झाला आणि त्याने त्यांना सन्मानाने सोडले, अशी कथा सांप्रदायिक चरित्रांत येते. तिचे स्वरूप उघडच आख्यायिकेचे आहे. तथापि वाटेत लुटला गेलेला प्रवासीच पुढे महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या पायी वाटचालीची घडी बसवितो, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

ही घडी बसविताना हैबतबाबांनी लष्करी छावणीचा नमुना डोळ्यांसमोर ठेवला, याबद्दल फारसा मतभेद नाही. पुढे चालणारे अश्व, जरीपटका (मराठ्यांचे जरीचे निशाण), नगारा, क्रमांकवार दिंड्या, तळावरील तंबूंची ठरलेली जागा आणि कूच व मुक्कामाच्या कर्ण्याच्या खुणा यांतून ते स्पष्ट दिसते. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून अश्व व तंबू येण्याची प्रथा आजही चालू आहे. वाद आहे तो या लवाजम्याच्या हेतूविषयी. एका मतानुसार तो मुळात संरक्षक होता. हे मत मांडणारे इंग्रजांविरुद्धच्या उमाजी नाईकांच्या उठावाकडे बोट दाखवितात. हा उठाव १८२६ ते १८३१ या काळात पुरंदर–जेजुरीच्या डोंगराळ मुलखात चालू होता, ३ फेब्रुवारी १८३२ रोजी नाईकांना पुण्यात फाशी देण्यात आली, आणि पालखीचा मार्ग दिवे घाट, सासवड, जेजुरी असा नेमका त्याच मुलखातून जातो. दुसऱ्या मतानुसार लवाजमा हा देवाच्या राजोपचाराचा भाग होता आणि संरक्षण हा त्याचा आनुषंगिक लाभ होय. सोहळ्याच्या परंपरेत शस्त्रधारी पथकाला कोठेही मानाचे स्थान नाही, स्वाराचा अश्व जरीपटक्याचा आहे व माउलींच्या अश्वावर तर कोणी बसतच नाही, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पंचक्रोशीतील उठावाचा काळ आणि सोहळ्याच्या आरंभाचा काळ जवळजवळ येतात, एवढ्यावरून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही.

नीरा नदी ही त्या काळी दुहेरी सीमा होती. अलीकडे कंपनी सरकारचा पुणे जिल्हा आणि पलीकडे सातारकर छत्रपतींचे राज्य असल्याने पालखीला एका अंमलातून दुसऱ्या अंमलात जावे लागे. नीरास्नानानंतर पाडेगावच्या बाजूला होणारे स्वागत आज जिल्ह्याच्या हद्दीवरचे आहे, आणि बंदोबस्ताची सूत्रेही तेथेच पुणे ग्रामीण पोलिसांकडून सातारा पोलिसांकडे जातात.

आधुनिक अर्थाने बंदोबस्ताचा पाया एकोणिसाव्या शतकातील पोलीस कायद्यांनी घातला. मुंबई इलाख्याच्या १८९० च्या जिल्हा पोलीस अधिनियमानंतर मिरवणुका व जत्रा यांचे नियमन हे पोलिसांचे नियमित काम झाले. सरकारी दृष्टी मात्र या काळात वारकऱ्याच्या सुरक्षिततेपेक्षा पटकीच्या साथीकडे अधिक होती आणि यात्रेच्या वाटेवरचा पोलीस पुष्कळदा आरोग्य खात्याचा हात म्हणून उभा असे. स्वातंत्र्यानंतर मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम) याने जुन्या तरतुदी एकत्र केल्या. त्यातील कलम ३६ मिरवणुकीचा मार्ग, वेळ व शिस्त यांविषयी निर्देश देण्याचा अधिकार पोलिसांना देते, आणि वाहतूक वळविण्यापासून तळावर वाहने रोखण्यापर्यंतचे अनेक निर्णय अशा अधिकारांच्या आधारे घेतले जातात.

हद्दींची विभागणी हा बंदोबस्ताचा सर्वांत किचकट भाग होय. पुणे शहरासाठी १९६५ मध्ये आयुक्तालय स्थापन झाले. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र आयुक्तालय सुरू झाल्यावर आळंदी व देहू ही दोन्ही प्रस्थानस्थळे त्याच्याकडे गेली. त्यामुळे तुकाराम महाराजांची पालखी दापोडीहून हॅरिस पुलावरून बोपोडीत उतरते तेव्हा आणि ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिघी ओलांडून विश्रांतवाडीकडे येते तेव्हा बंदोबस्त एका आयुक्तालयाकडून दुसऱ्याकडे सोपविला जातो. शहराच्या दुसऱ्या टोकाला २०२१ मध्ये लोणी काळभोर पोलीस ठाणे शहर आयुक्तालयात आल्याने पूर्वेकडील सीमाही पुढे सरकली. त्यानंतर पुणे ग्रामीण आणि पुढे एका मार्गावर सातारा व सोलापूर ग्रामीण, तर दुसऱ्यावर थेट सोलापूर ग्रामीण असा क्रम लागतो. कारण तुकाराम महाराजांची पालखी बारामती–इंदापूरवरून सराटीपर्यंत पुणे जिल्ह्यातच असते आणि नीरा ओलांडून अकलूजला सोलापूर जिल्ह्यात शिरते. वारकरी एकच, वाट एकच, पण गहाळ झालेल्या पिशवीची तक्रार कोणत्या ठाण्यात द्यायची याचे उत्तर मैलागणिक बदलते. ही अडचण ओळखून तळाजवळ तात्पुरती मदत केंद्रे उभारली जातात. ११२ या क्रमांकावर पोलीस मदत आणि १०८ वर रुग्णवाहिका मिळते.

सोहळ्याच्या आतली शिस्त पोलिसांची नसते, हे येथे नोंदविले पाहिजे. दिंडीच्या आत विणेकरी, टाळकरी, तुळस व पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या महिला यांचा क्रम ठरलेला असतो, रथापुढील व रथामागील दिंड्यांचे क्रमांक ठरलेले असतात आणि वाद उद्भवल्यास तो सोहळ्याचे मालक, मानकरी व चोपदार (दंड घेऊन शिस्त राखणारे सेवेकरी) मिटवितात. सायंकाळी तळावर समाजआरतीसाठी दिंड्या गोलाकार उभ्या राहिल्या, की चोपदार चांदीचा दंड उंचावतो आणि हजारोंचा टाळगजर एका क्षणात थांबतो. एखाद्या दिंडीला तक्रार असेल तर ती टाळ वाजवीत राहते, आणि तिचे म्हणणे ऐकून घेतल्याखेरीज आरती होत नाही. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची घोषणाही याच वेळी होते. रथाभोवती पोलीस दोरखंडाचे कडे धरून चालतात, पण दर्शनाची झुंबड मागे सारण्यापलीकडे दिंडीच्या आतील क्रमात ते सहसा हात घालीत नाहीत. आतील शिस्त चोपदारांकडे व बाहेरचा रस्ता पोलिसांकडे अशी ही वाटणी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही.

पुण्यात ही वाटणी सर्वांत अधिक ताणली जाते. पाटील इस्टेट, संचेती चौक, फर्ग्युसन रस्ता, खंडुजीबाबा चौक व लक्ष्मी रस्ता या मार्गाने पालख्या पूर्व भागातील पेठांत येतात. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात व तुकाराम महाराजांची नाना पेठेतील निवडुंगा विठोबा मंदिरात मुक्कामी राहते. दिंड्या मात्र शाळा, मंगल कार्यालये, वाडे व सोसायट्या यांतून शहरभर पांगतात. तळ एका मैदानावर असला तर पहारा सोपा असतो. पुण्यात तो नसल्याने मंदिरांजवळ स्थिर बंदोबस्ताच्या जागा, गल्लीबोळांत गस्त आणि अन्नदानाच्या मांडवांपाशी गर्दीवर नजर अशी विखुरलेली योजना करावी लागते. १३ फेब्रुवारी २०१० चा जर्मन बेकरीतील स्फोट व १ ऑगस्ट २०१२ चे जंगली महाराज रस्त्यावरील स्फोट यांनंतर शहरातील सर्वच मोठ्या गर्द्यांप्रमाणे पालखीच्या वेळीही बॉम्बशोधक पथके, श्वानपथके व कॅमेरे यांवर भर वाढला. अलीकडे ड्रोनद्वारे टेहळणी केली जाते. राज्य राखीव पोलीस दल व गृहरक्षक दल यांची कुमक नेहमीची असते, तर इंद्रायणीच्या काठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके ठेवली जातात. त्या दलाचे ठाणे मावळात सुदुंबरे येथे आहे.

वारकऱ्याला प्रत्यक्ष भेडसावणारा गुन्हा बहुधा साधा असतो. दर्शनाच्या रेटारेटीत गळ्यातील मंगळसूत्र किंवा सोनसाखळी जाणे, खिसा कापला जाणे, रात्री उशाखालचा मोबाइल नाहीसा होणे, हे त्याचे नेहमीचे प्रकार होत. त्यासाठी साध्या वेशातील व प्रसंगी वारकऱ्यांच्या वेशातील पोलीस गर्दीत मिसळतात, आणि सराईत चोरांवर आधीच प्रतिबंधक कारवाई केली जाते. जबरीने वस्तू हिसकावण्यासाठी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०४ अन्वये स्वतंत्र तरतूद आहे. जाणत्या दिंड्यांत दागिने घरी ठेवून निघण्याची ताकीद असते, आणि वृद्धांच्या गळ्यात नाव, गाव व दिंडी क्रमांकाची चिठ्ठी अडकविलेली असते. पोलिसी उपायांपेक्षा या चिठ्ठीने अधिक चुकलेली माणसे दिंडीत परत आणली असतील.

महिला वारकऱ्यांची संख्या मोठी असूनही त्यांच्या सुरक्षिततेची स्वतंत्र तरतूद अलीकडची आहे. दामिनी पथके, महिला पोलिसांची मदत केंद्रे, स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आणि २०२२ पासून राज्य महिला आयोगाच्या पुढाकाराने चालणारी आरोग्यवारी ही तिची मुख्य अंगे होत. स्नान व शौच यांसाठी पहाटे अंधारात तळाबाहेर जावे लागणे ही सर्वांत जुनी अडचण आहे. फिरती शौचालये व पुरेसा उजेड हे तिचे उपाय बंदोबस्ताच्या आराखड्यात मोडत नाहीत, पण सुरक्षितता त्यांवरच अवलंबून असते.

पोलीस व वारकरी यांच्यातील संघर्षाचे प्रसंग विरळा आहेत. ११ जून २०२३ रोजी आळंदीत प्रस्थानाच्या वेळी मंदिरप्रवेशावरून झटापट झाली. आदल्या वर्षी चेंगराचेंगरीसारखी स्थिती उद्भवल्याने मानाच्या दिंड्यांतील ठरावीक वारकऱ्यांनाच आत सोडण्याचे ठरले होते, आणि वारकरी शिक्षण घेणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी अडथळे ओलांडण्याचा प्रयत्न केला. लाठीमार झाला की नाही, याविषयी परस्परविरोधी विधाने झाली. शासनाने तो झाल्याचे नाकारले. २०१७ मध्ये पुण्यात एका संघटनेचे कार्यकर्ते तलवारी घेऊन सोहळ्यात आल्याबद्दल गुन्हा नोंदविला गेला. या प्रकरणी आक्षेप सोहळ्याच्या बाजूनेच घेतला गेला, आणि वर उल्लेखिलेल्या निःशस्त्र परंपरेशी तो सुसंगत आहे.

जीवितहानीचा विचार करता चोरी किंवा घातपात यांपेक्षा वाहतूक हा कितीतरी मोठा धोका आहे. पुणे–सासवड हा ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा सर्वांत लांब टप्पा असून तो बहुधा एकादशीला, म्हणजे उपवासाच्या दिवशी येतो. त्या दिवशी दिवे घाट इतर वाहनांना बंद करून वाहतूक बोपदेव घाटाकडे वळविली जाते. त्याच दिवे घाटात १९ नोव्हेंबर २०१९ रोजी कार्तिकीसाठी पंढरपूरहून आळंदीकडे येणाऱ्या नामदेव महाराजांच्या पालखीच्या दिंडीत मातीकाम यंत्र घुसून नामदेवांचे वंशज व आणखी एक वारकरी मरण पावले. तेव्हा घाट वाहनांना खुला होता. २०२१ च्या कार्तिकीत मावळात जुन्या पुणे–मुंबई मार्गावर आळंदीकडे निघालेल्या दिंडीत पिकअप गाडी घुसली, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सांगोल्याजवळ मोटारीच्या धडकेने कोल्हापूरकडील ७ वारकरी ठार झाले. हे तिन्ही अपघात आषाढीच्या मुख्य बंदोबस्ताबाहेरचे आहेत. बंदोबस्त पालखीबरोबर चालतो, वारकऱ्याबरोबर नव्हे. लहान दिंड्या, कार्तिकी व माघी वारी आणि सोहळ्याच्या मागेपुढे चालणारे सुटे वारकरी यांना त्याचा लाभ अंशतःच मिळतो.

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पायाभरणी झालेल्या ज्ञानेश्वर व तुकाराम पालखी महामार्गांवर दोन्ही बाजूंना पदपथांची योजना आहे. हा उपाय वर्षभर सर्वच वारकऱ्यांच्या उपयोगी पडणारा असल्याने बंदोबस्ताच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा मानला पाहिजे. मात्र रुंद रस्त्यावर वाहनांचा वेगही वाढतो. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या वारकरी विमा योजनेत वारीच्या काळातील मृत्यूबद्दल ५ लाख रुपयांची तरतूद करण्यात आली.

२०२० व २०२१ या करोनाच्या वर्षांत पादुका एसटी बसने पंढरपुरास गेल्या. त्या वेळी वाटेवर पोलीस होते, पण त्यांचे काम वारकऱ्यांना राखण्याचे नसून घरी थांबविण्याचे होते.

परतवारीचा बंदोबस्त सर्वांत तुटपुंजा असतो. आषाढी पौर्णिमेच्या काल्यानंतर पालख्या त्याच वाटेने मागे फिरतात, टप्पे लांब असतात, बहुतेक वारकरी एसटीने किंवा रेल्वेने गावी गेलेले असतात, आणि मोजके वारकरी पालखीसोबत पहाटेच्या अंधारात, पुन्हा खुल्या झालेल्या रस्त्याच्या कडेने पायी चालत आळंदी-देहूस पोहोचतात.