झोपेत नाडी ४८: घाबरावं का?

मनगटावरच्या घड्याळात रात्रीची नाडी ४८ दिसली की अनेकांच्या पोटात गोळा येतो. ‘साठच्या खाली म्हणजे हृदय कमकुवत’ हा समज चुकीचा आहे. ६० ते १०० हा आकडा जाग्या, शांत बसलेल्या प्रौढ माणसाचा. गाढ झोपेत हृदयाची गती कमी करणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा जोर वाढतो, ठोके मंदावतात. निरोगी माणसातही ४० ते ५० दिसतात, नियमित धावणाऱ्यांत त्याहून कमी. अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, नाडी फक्त झोपेत मंदावत असेल आणि त्रास नसेल, तर पेसमेकर लागत नाही. मात्र घोरताना श्वास अडकत असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करा. दिवसा चक्कर, धाप किंवा शुद्ध हरपणं असेल तर डॉक्टरांकडे जाच. रक्तदाब-हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकरच्या गोळ्यांनीही नाडी उतरते; पण कृपा करून त्या मनाने बंद करू नका.